आधी डोह, मग देऊळ

कान्कूनच्या समुद्रकाठच्या हॉटेलांतून सकाळी सातच्या सुमारास प्रवासी गोळा करत निघालेली बस दोनशे किलोमीटरवरच्या चिचेन इत्झा या प्राचीन माया नगरात पोचते, तोवर ऊन चांगलंच चढलेलं असतं. दीड-दोन तास अवशेष पाहायचे. कुकुलकान या सर्पदेवाच्या पिरॅमिडसमोर उभं राहून टाळी वाजवायची आणि पायऱ्यांवरून परतणारा, क्वेत्झाल पक्ष्याच्या चिरक्या हाकेसारखा प्रतिध्वनी ऐकायचा. जग्वारची डरकाळी काढणाऱ्या शिट्ट्या विकणाऱ्यांच्या गर्दीतून वाट काढत पुन्हा बसमध्ये येऊन बसायचं. मग बुफे जेवण. मग एखाद्या ‘सेनोते’त, म्हणजे चुनखडीचा खडक खचून तयार झालेल्या नैसर्गिक डोहात, तासभर पोहणं. परतीच्या वाटेवर बायादोलिद गावाच्या चौकात थोडा वेळ, आणि अंधार पडता पडता हॉटेल. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात कितीतरी कंपन्या वर्षानुवर्षं ही एकदिवसीय सहल जवळपास याच क्रमाने चालवत आल्या आहेत. अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांनाही ती परिचयाची आहे, आणि अमेरिकेचा वैध व्हिसा हाती असेल तर भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोसाठी वेगळा व्हिसा लागत नाही, त्यामुळे तिकडे वळणारे आपल्याकडचेही बरेच असतात. सहलीच्या माहितीपत्रकात दिवसाचे दोन भाग स्पष्ट केलेले असतात: सकाळी इतिहास, दुपारी विरंगुळा. या लेखाचं म्हणणं असं की ही वाटणीच चुकीची आहे. दुपारचा डोह हा सकाळच्या नगराचा उगम आहे. पाणी बाजूला काढलं की चिचेन इत्झा कळत नाही, आणि इतिहास बाजूला काढला की त्या पाण्याची काळजी घेण्याचं कारणही उरत नाही. या चुकीची किंमत आज प्रत्यक्ष पाण्याला मोजावी लागते आहे.

सुरुवात खडकापासून करायला हवी. युकातानचा उत्तर भाग म्हणजे चुनखडीचं एक सपाट पठार आहे. त्यावर वाहती नदी जवळपास नाही. पाऊस मुख्यतः मे-जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पडतो, आणि पडलेलं पाणी जमिनीवर थांबत नाही, वाहतही नाही. ते भेगांतून सरळ खाली उतरतं. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाला हे नीट समजायला थोडा वेळ लागतो. आपला काळा कातळ पाणी सहजी गिळत नाही. म्हणून तर कान्हेरीच्या भिक्षूंना डोंगरात पोढी खोदून पावसाळ्याचं पाणी साठवता आलं आणि गडागडांवर टाकी कोरता आली. युकातानचा खडक मात्र पाणी गिळतोच, आणि गिळता गिळता स्वतःही झिजतो. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं. ते चुनखडी विरघळवतं, हजारो वर्षांत खाली गुहांचं जाळं तयार होतं, आणि एखाद्या गुहेचं छत कोसळलं की वरून भूजलाचं दर्शन होतं. तोच सेनोते. अशा डोहांची संख्या काही हजारांच्या घरात आहे. शेवटच्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, तेव्हा या गुहांचा मोठा भाग कोरडा होता. आज पाण्याखाली बुडालेले लवणस्तंभ त्या कोरड्या काळातले आहेत. तुलुमजवळच्या ‘होयो नेग्रो’ या बुडालेल्या विवरात २००७ मध्ये पाणबुड्यांना एका किशोरवयीन मुलीचा सांगाडा दिसला. तो १२ हजार वर्षांहून जुना आहे. म्हणजे माणूस आणि ही विवरं यांचं नातं माया संस्कृतीहूनही कितीतरी जुनं आहे.

इथे एका लोकप्रिय समजुतीचा निकाल लावायला हवा, कारण सहलीत ती सर्रास सांगितली जाते. सारे सेनोते उल्कापातामुळे तयार झाले, अशी ती समजूत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी युकातानच्या उत्तर टोकाशी चिक्शुलुब इथे एक प्रचंड लघुग्रह आदळला. त्याचं विवर सुमारे १८० किलोमीटर रुंद आहे आणि आज शेकडो मीटर जाडीच्या गाळखडकाखाली गाडलेलं आहे. त्या विवराच्या काठाने भूजलाचा प्रवाह वळला आणि सेनोतेंचं एक अर्धवर्तुळाकार कडं तयार झालं, हे खरं. पण डोह तयार होतात ते चुनखडी विरघळल्यामुळे. चिचेन इत्झा आणि तुलुम इथले डोह त्या कड्याच्या बाहेर आहेत. महाराष्ट्राचा या कथेशी खरा संबंध मात्र आहे. ज्या काळात हा लघुग्रह आदळला, त्याच काळात दख्खनचे लाव्हारस उसळत होते. डायनोसॉरांच्या विनाशात कोणाचा वाटा किती, हा वाद आजही चालू आहे, आणि त्या आघाताने दख्खनच्या उद्रेकांना जोर आला असावा, अशी मांडणी काही भूशास्त्रज्ञांनी केली आहे. एवढा भव्य संदर्भ हाताशी असताना गाइडने अर्धीमुर्धी दंतकथा सांगावी, हे पाण्याकडे करमणुकीची जागा म्हणून पाहण्याचाच परिणाम आहे. करमणुकीच्या जागेबद्दल अचूक बोलण्याची गरज कोणाला वाटत नाही.

आता नगराची रचना पाहू. चिचेन इत्झाच्या मध्यभागी ‘एल कास्तियो’ या स्पॅनिश नावाने ओळखला जाणारा कुकुलकानचा पिरॅमिड आहे. चार बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या आणि माथ्यावरची एक धरून ३६५. त्याच्या उत्तरेला तीनेकशे मीटर लांबीचा, चुन्याने पांढरा केलेला उंचवट्याचा रस्ता आहे. तो ज्या डोहापाशी संपतो, त्याला आज ‘पवित्र सेनोते’ म्हणतात. सुमारे ६० मीटर व्यासाचा, उभ्या कड्यांचा, हिरवट पाण्याचा डोह. दक्षिणेला श्तोलोक हा दुसरा डोह आहे. तिथे पाण्यापर्यंत उतरता येत असे, आणि नगराचं रोजचं पाणी तिथून भरलं जाई. पूर्वेला आणि पश्चिमेलाही एकेक डोह आहे. २०१५ मध्ये मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठातल्या संशोधकांनी जमिनीचा विद्युतरोध मोजून असं दाखवलं की खुद्द पिरॅमिडच्या खालीही पाण्याने भरलेली मोठी पोकळी असावी. त्यावरून काही पुरातत्त्वज्ञ म्हणतात की चार दिशांना चार डोह आणि मध्ये पाचवा, अशी विश्वाची प्रतिमा मनात ठेवूनच पिरॅमिडची जागा निवडली गेली. हा निष्कर्ष मान्य करा वा करू नका, पण एवढं उघड आहे की इथल्या प्रत्येक महत्त्वाच्या इमारतीचं स्थान पाण्याच्या संदर्भात समजून घ्यावं लागतं. दरवर्षी मार्चमध्ये विषुवदिनी पिरॅमिडच्या उत्तर जिन्याच्या कठड्यावर सावलीचा साप सरकत उतरताना पाहायला हजारो लोक जमतात. हा परिणाम योजून साधला होता का, याबद्दल मतभेद आहेत. पण तो जिना उत्तरेकडचा आहे, आणि रस्ताही उत्तरेच्या डोहाकडे जातो. सापाचे फोटो काढणारे बरेच जण तिथपर्यंत चालत जात नाहीत, कारण बसची वेळ झालेली असते.

त्या डोहाच्या तळाने जे दिलं, त्याची कथा एखाद्या कादंबरीसारखी आहे, पण ती इथे थोडक्यातच सांगायची आहे. अमेरिकन वाणिज्यदूत एडवर्ड थॉम्पसन यांनी चिचेन इत्झाची हसियेंदा, म्हणजे अवशेषांसकट सारी जमीनच, विकत घेतली आणि १९०४ पासून पवित्र सेनोतेचा तळ उपसायला सुरुवात केली. यारीला टांगलेल्या पोलादी जबड्याने वर आणलेल्या चिखलातून जेड, तांब्याच्या घंटा, सोन्याच्या नक्षीदार तबकड्या, कोपालच्या डिंकाचे गोळे, कापडाचे तुकडे आणि माणसांची हाडं निघाली. सोनं दक्षिणेकडून, आजच्या कोस्टा रिका आणि पनामाच्या प्रदेशातून आलेलं होतं. म्हणजे अर्ध्या खंडातली माणसं, किंवा त्यांच्या वस्तू तरी, या डोहाशी पोचत होत्या. बराच ऐवज हार्वर्ड विद्यापीठाच्या पीबॉडी संग्रहालयात गेला. त्यातल्या काही वस्तू पुढे मेक्सिकोला परत मिळाल्या. थॉम्पसन यांना तळाशी निळ्या गाळाचा एक जाड थर आढळला होता. त्याचा उलगडा व्हायला शंभर वर्षं लागली. शिकागोच्या फील्ड संग्रहालयात याच डोहातून निघालेला तीन पायांचा एक वाडगा आहे. त्याच्या आत जळलेल्या कोपालचा गोळा तसाच चिकटून आहे. २००८ मध्ये त्या गोळ्याची तपासणी झाली, तेव्हा त्यात पॅलिगोर्स्काइट ही पांढरी माती आणि नीळ या दोन्हींचे अंश सापडले. भित्तिचित्रांत हजार वर्षं न उडालेला तो प्रसिद्ध ‘माया निळा’ रंग या दोन गोष्टी एकत्र तापवून होतो. म्हणजे निदान काही वेळा तरी तो डोहाच्या काठी, धूप जळत असताना, विधीचा भाग म्हणून तयार होत असावा आणि बळीच्या वस्तूंना फासून पाण्यात सोडला जात असावा. शतकानुशतकं तो पाण्यात धुऊन निघाला आणि तळाशी साचला. निळा हा पाऊस देणाऱ्या ‘चाक’ या देवाचा रंग. एका वाडग्यात रंगनिर्मिती, धूप, दैवत आणि पाऊस असे एकत्र सापडतात, तेव्हा पाण्याला ‘विरंगुळा’ या रकान्यात टाकणं किती अपुरं आहे ते आपोआप स्पष्ट होतं.

सहलीतल्या गोष्टीत या डोहात सुंदर कुमारिका ढकलल्या जातात. पुरावा वेगळं सांगतो. वर आलेल्या हाडांत पुरुषांची हाडं आहेत, स्त्रियांची आहेत आणि मुलांची तर बरीच आहेत. याच डोहाजवळ १९६७ मध्ये जमिनीखालचं एक जुनं टाकं सापडलं होतं. माया लोक अशा टाक्याला ‘चुलतुन’ म्हणतात. त्यात शंभराहून अधिक मुलांचे अवशेष होते. त्यांपैकी ६४ जणांच्या प्राचीन डीएनएचा अभ्यास ‘नेचर’मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झाला. सगळेच्या सगळे मुलगे होते, बहुतेक तीन ते सहा वर्षांचे. त्यांत काही एकमेकांचे नातलग होते आणि एकसारख्या जुळ्यांच्या दोन जोड्याही होत्या. जुळ्या वीरांनी पाताळात उतरून मृत्यूच्या देवांना हरवण्याची कथा माया परंपरेत मध्यवर्ती आहे, याची आठवण संशोधकांनी करून दिली. याच अभ्यासात जवळच्या तिश्काकालतुयुब गावातल्या आजच्या रहिवाशांचे नमुनेही, त्यांना सोबत घेऊन, तपासले गेले आणि त्या प्राचीन मुलांशी त्यांचं आनुवंशिक सातत्य दिसून आलं. ‘नाहीशी झालेली संस्कृती’ हे सहलीतलं ठरलेलं वाक्य इथे पूर्णपणे कोलमडतं. २०२० च्या जनगणनेत माया भाषा बोलणाऱ्यांची संख्या पावणेआठ लाखांच्या आसपास होती. त्यातलेच काही जण बस चालवतात, बुफेत मक्याच्या पोळ्या भाजतात, डोहाकाठी लाइफ जॅकेट हातात देतात.

एवढी माणसं पाण्याला इतकं का देत होती? कारण पाणी दगा देत होतं. युकातानच्या मधोमध चिचानकानाब नावाचं सरोवर आहे. पाणी आटलं की त्याच्या तळाशी जिप्समचे स्फटिक बनतात, आणि स्फटिक बनताना त्या वेळचं पाणी त्यांच्या रचनेत अडकून राहतं. १९९५ मध्ये या सरोवराच्या गाळातून इसवी सनाच्या नवव्या-दहाव्या शतकांतल्या तीव्र अवर्षणाचा ठोस पुरावा पुढे आला. २०१८ मध्ये त्याच स्फटिकांत अडकलेल्या पाण्याचं विश्लेषण करून संशोधकांनी काढलं की त्या काळात वार्षिक पाऊस सरासरीने निम्म्यावर आला होता आणि सर्वांत वाईट काळात ७० टक्क्यांपर्यंत घटला होता. २०२५ मध्ये युकातानमधल्याच एका गुहेतल्या लवणस्तंभाच्या थरांतून पावसाळ्यांचा हिशोब लागला. ८७१ ते १०२१ या दीडशे वर्षांत पावसाळा किमान तीन वर्षं सलग हुकल्याचे आठ प्रसंग, आणि त्यांत ९२९ ते ९४२ असा तब्बल १३ वर्षांचा एक. दक्षिणेकडच्या पुऊक टेकड्यांतल्या उश्मालसारख्या नगरांना डोहांचा आधार नव्हता, तिथे भूजल फार खोल. ती नगरं पावसाचं पाणी चुलतुनांत साठवून जगत होती. सलग काही पावसाळे हुकले की टाकी रिकामी. ती नगरं ओस पडत गेली, आणि भूजलाला थेट भिडलेलं चिचेन इत्झा त्याच काळात भरभराटीला आलं.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. सगळा इतिहास पाण्याच्या खुंटीला टांगणं हा एकांगीपणा नाही का? युद्धं, राजघराण्यांची चढाओढ, बदललेले व्यापारी मार्ग, जमिनीचा कस, परदेशी प्रभाव यांचं काय? आक्षेप बरोबर आहे, आणि माया संस्कृतीच्या ऱ्हासाचं एकच कारण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, हेही बरोबर. जवळ डोह असूनही काही ठिकाणं ओस पडली. चिचेन इत्झाचा उत्कर्षही पुढे मावळला. पाणी हे एकमेव कारण असल्याचा दावा इथे नाही. दावा एवढाच की पाण्यावाचून कुठलंच कारण नीट मांडता येत नाही. ज्या राजाची सत्ता पाऊस आणून देण्याच्या वचनावर उभी असते, त्याच्याविरुद्धच्या बंडाला अवर्षण बळ देतं. व्यापारी तांडा मुक्काम करतो तोही पाण्यापाशी. लढाई कशासाठी झाली हे विचारलं, तर धान्याच्या मागे पुन्हा पाऊस उभा असतो. सहलीत राजे येतात, बळी येतात, दिनदर्शिका येते. या सगळ्यांना जोडणारा धागा तेवढा वगळला जातो, आणि म्हणून प्रवाशाच्या हाती सुट्या, चमत्कारिक गोष्टी लागतात.

हा धागा भूतकाळापुरता असता तर वाद अभ्यासकांपुरता राहिला असता. तसं नाही. युकातानच्या खेड्यांत पाऊस लांबला की आजही ‘चा-चाक’ हा विधी होतो. शेतात काठ्या आणि हिरव्या फांद्यांच्या कमानी बांधून वेदी रचतात. तिच्यावर तुंबड्यांच्या वाटग्यांत ‘साका’ हे मक्याचं पेय मांडतात. जमिनीत खड्डा करून त्यात भाजलेल्या मक्याच्या जाड, थरांच्या रोट्या ठेवतात. वेदीच्या चार पायांशी चार मुलगे बसतात आणि बेडकांसारखा आवाज काढतात, कारण बेडूक ओरडले की पाऊस येतो. मंत्र म्हणणारा ‘ह-मेन’ देवांना दिशादिशांनी हाक मारतो. या विधीचं पाणी परंपरेने अशा गुहेतून किंवा डोहातून आणायचं, जिथलं पाणी कोणाचा हात न लागलेलं, कोरं मानलं जातं. १९५९ मध्ये चिचेन इत्झाजवळच्या ‘बालांकांचे’ या गुहेत शतकानुशतकं बंद असलेलं एक दालन उघडलं. आत भांडी आणि धूपदाण्या जशा ठेवल्या तशाच होत्या. तेव्हा जवळच्या गावच्या ह-मेनने सांगितलं की देवांची शांती केल्याशिवाय काम पुढे नेऊ नये. गुहेतच विधी झाला आणि पुरातत्त्वज्ञांनी तो नोंदवून ठेवला. त्या गावाच्या लेखी तो काही उत्खननाचा सोहळा नव्हता, शेजाऱ्याच्या घरात शिरण्याआधी घेतलेली परवानगी होती.

आणि या पाण्यावर आज जे होतंय ते पाहा. सेनोते हे सुटे तलाव नाहीत, सगळे एकाच भूजलाला लागलेले आहेत. तुलुमजवळच्या साक आक्तुन आणि दोस ओहोस या दोन बुडालेल्या गुहा एकमेकींना जोडलेल्या असल्याचं २०१८ मध्ये सिद्ध झालं, तेव्हा त्यांची एकत्रित लांबी ३४७ किलोमीटर भरली. सच्छिद्र खडकातून मैला, खत, कीटकनाशकं फारशी गाळली न जाता खाली पोचतात. मेरिदासारख्या मोठ्या शहरातही मैला वाहून नेणारं सार्वजनिक जाळं तुटपुंजं आहे, बहुतेक घरं सेप्टिक टाकीवर चालतात, आणि ते शहर पाणी पितं तेही याच भूजलाचं. कॅरिबियन किनाऱ्यालगतच्या गुहांतल्या पाण्यात औषधांचे आणि प्रसाधनांचे अंश असल्याचं २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं. ते पाणी शेवटी प्रवाळाच्या रांगेकडे समुद्रात जातं. याच गुहांच्या अंधारात आंधळे मासे, आंधळे झिंगे आणि जगातला पहिला ज्ञात विषारी कवचधारी प्राणी राहतो. त्यात आता ‘त्रेन माया’ या दीड हजार किलोमीटरच्या रेल्वेची भर पडली आहे. २०२३ च्या डिसेंबरात ती धावू लागली. प्लाया देल कार्मेन ते तुलुम या टप्प्यात मार्ग खांबांवर उचलला गेला, आणि ते खांब गुहांची छतं भेदून पार खाली गेले. गुहांमध्ये उतरून त्यांचे फोटो काढणाऱ्या स्थानिक पाणबुड्यांमुळे हे जगाला दिसलं. रेल्वेच्या कामात पुरातत्त्व खात्याने हजारो वास्तू आणि वस्तू नोंदवल्या, जपल्या, काही हलवून पुन्हा उभ्या केल्या. दगड जपण्याची यंत्रणा होती म्हणून दगड जपले गेले. गुहेतल्या पाण्यासाठी तशी यंत्रणा नव्हती. सकाळ-दुपारची सहलीतली वाटणी इथे सरकारी कारभारातही दिसते: अवशेष पुरातत्त्व संस्थेकडे, पाणी जल आयोगाकडे, डोहाभोवतीची जमीन गावाची किंवा खासगी मालकाची.

यावर दुसरा आक्षेप असा की मग पोहणंच बंद करा, पवित्र जागेत चड्ड्या घालून उड्या मारणं हाच अनादर आहे. हे काही पटत नाही. माया लोकांनी स्वतःच डोहांत फरक केला होता. एक विधीचा, दुसरा पिण्याचा, आणखी कुठले आंघोळीचे. तीर्थक्षेत्री आधी कुंडात हातपाय धुऊन मग गाभाऱ्यात जाणाऱ्या आपल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही: पाण्यात उतरणं हाही आदराचा एक प्रकार असू शकतो, प्रश्न कशा रीतीने उतरतो याचा आहे. पवित्र सेनोतेत आजही पोहू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. बाकीच्या बहुतेक डोहांवर उतरण्याआधी शॉवर घ्यायला लावतात, सनस्क्रीन धुऊन टाकायला सांगतात, लाइफ जॅकेट देतात. हे नियम बरोबर आहेत, पण कारण न सांगता लावलेले नियम माणसं टाळतात. ज्याला वाटतं की आपण एका खासगी तलावात आहोत, तो अंगाला चोपडलेलं मलम तसंच ठेवून उतरतो. ज्याला कळतं की हेच पाणी शेजारच्या गावाच्या नळाला येतं, तो दोन मिनिटं शॉवरखाली उभा राहतो.

तिसरा आक्षेप पोटाचा आहे, म्हणून सर्वांत वजनदार. सहली आहेत म्हणून गावं जगतात, समुद्रावर सार्गासम शेवाळाचे ढीग लागले की पर्यटक आत वळतात आणि खेड्यांत पैसा येतो, त्यात फार तात्त्विक खोडे घालू नयेत. या आक्षेपाचं सर्वोत्तम उत्तर ओमुन या गावाने दिलं आहे. सेनोतेंच्या कड्यावरचं हे माया गाव. घरोघरचे लोक मोटार-रिक्षा चालवून, वाट दाखवून, डोह सांभाळून कमावतात. २०१३ मध्ये राज्याने हा सारा पट्टा भूजलाचा राखीव प्रदेश जाहीर केला होता, तरी तिथे ४९ हजार डुकरांच्या महाकाय फार्मला परवानगी मिळाली. गावाने ऑक्टोबर २०१७ मध्ये स्वतःच मतदान घेतलं: विरोधात ७३२, बाजूने ५२. गावातल्या मुलांच्या नावाने दावा दाखल झाला, २०१८ मध्ये न्यायालयाने फार्मचं काम थांबवलं आणि २०२१ मध्ये मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगिती कायम ठेवली. डोहावर पोट असलेल्या माणसांनीच डोह वाचवला. चिचेन इत्झाच्या पश्चिमेला योक्द्झोनोत गावात तर कचऱ्याने भरलेला डोह गावातल्या माया बायकांनी सहकारी गट करून साफ केला, आणि आज त्याच तो चालवतात. म्हणजे पर्यटन आणि पाण्याचं रक्षण यांत वैर नाही. वैर पडतं ते पैसा दुसरीकडे गेला की. चिचेन इत्झाला वर्षाकाठी २० लाखांहून अधिक लोक येतात. तरी मोठ्या सहलीत प्रवाशाचं जेवण, पोहणं, खरेदी हे सगळं कंपनीने ठरवलेल्या ठिकाणी होतं, आणि पिस्तेसारखं वेशीवरचं गाव बसच्या काचेतूनच पाहिलं जातं. अवशेषांखालची जमीनसुद्धा २०१० पर्यंत एका खासगी कुटुंबाच्या मालकीची होती. त्या वर्षी राज्याने ती २२ कोटी पेसोंना विकत घेतली. अवशेषांच्या आवारात गर्दी करणाऱ्या फेरीवाल्यांवर प्रवासी वैतागतात. पण ते आसपासच्या गावांतले माया लोक आहेत, आणि आपल्याच पूर्वजांच्या नगरातून होणाऱ्या कमाईत त्यांना मिळालेला वाटा बहुतेकदा एवढाच आहे.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा: माणसाकडे एकच दिवस असतो, दुपारचं ऊन असह्य असतं, म्हणून सकाळी अवशेष आणि दुपारी पाणी हाच क्रम शहाणपणाचा. मान्य. घड्याळातला क्रम तसाच राहू द्या. बदलायचा आहे तो सांगण्यातला क्रम, आणि त्यासाठी फारसं काही लागत नाही. बसमधल्या अडीच तासांत दिनदर्शिकेच्या आधी खडक आणि पाऊस समजावून सांगता येतो. पिरॅमिडच्या उत्तर जिन्यापासून पवित्र सेनोतेपर्यंतचा पांढरा रस्ता सर्वांना चालवत न्यायला पाऊण तासही लागत नाही. दुपारी कंपनीच्या ठरलेल्या डोहाऐवजी गावाने चालवलेल्या डोहावर थांबता येतं. तिथल्या माणसाला दोन शब्द बोलू देता येतात, आणि शॉवरपाशी पाणी कुठून येतं, कुठे जातं याचा एक फलक लावता येतो. जाणाऱ्या प्रवाशाच्या हातातही बरंच आहे. सहल नोंदवतानाच विचारावं: डोह कोणाचा आहे, पैसे कोणाला मिळतात, पवित्र सेनोतेपर्यंत नेणार का? पुरेशा लोकांनी हे विचारलं की माहितीपत्रकं बदलतात. आपण ज्या गोष्टीला वारसा म्हणतो ती जपण्यासाठी कायदे होतात, पैसा उभा राहतो, न्यायालयं दखल घेतात. ज्या गोष्टीला विरंगुळा म्हणतो तिची काळजी तासाच्या तिकिटापुरती उरते. चिचेन इत्झाचा दगड १९८८ पासून जागतिक वारसा आहे. त्या नगराला जन्म देणारं आणि आजही लाखो माणसांना पाजणारं पाणी हाही त्याच वारशाचा भाग आहे, आणि तो मोजताना त्याचं नाव आधी घ्यायला हवं.